गल्लीत आडवा चर खोदायचा असेल तर फलक गल्लीच्या तोंडाशी लावावा

नमस्कार. गिरगावातील आपल्या इमारतीची पाण्याची जुनी जोडणी बदलायची आहे, त्यासाठी गल्लीला आडवा चर खोदावा लागणार आहे, वॉर्डाची परवानगी मिळाली आहे आणि ‘दोन बॅरिकेड आणि पट्टी लावली की पुरे’ असे कंत्राटदार म्हणतो, हे आपण लिहिले आहे. पार्ल्यात आमच्या सोसायटीचा सचिव असताना हेच वाक्य मी ऐकले होते आणि मान्यही केले होते. म्हणून सविस्तर लिहितो. मी अभियंता नाही; आपल्या परवानगीपत्रात काही वेगळी अट असेल तर तीच पाळावी. शुल्क आणि खालून जाणाऱ्या गॅसच्या व विजेच्या वाहिन्यांची खातरजमा हे आपण केलेच असेल, असे धरून चालतो.

आमच्याकडे बॅरिकेड, लाल-पांढरी पट्टी, ‘काम चालू’चा त्रिकोणी फलक, सारे होते, पण सारे चराजवळ होते. चर गल्लीच्या तोंडापासून शंभरेक पावलांवर होता आणि मध्ये एक वळण होते, त्यामुळे मुख्य रस्त्यावरून आत शिरणाऱ्याला वळण ओलांडेपर्यंत काहीच दिसत नसे. सकाळभर रिक्षा आत येत होत्या आणि उलट्या बाहेर जात होत्या. आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले. दुपारी चराच्या पलीकडच्या इमारतीतील एका आजींना नेण्यासाठी रुग्णवाहिका आली. तिच्या मागोमाग टेम्पो शिरला आणि टेम्पोच्या मागे शाळेची बस. दोन्ही कडांना गाड्या उभ्या असल्यामुळे कोणालाच हलता येईना. अखेर दोन मजुरांनी चरावर टाकलेल्या फळ्यांवरून स्ट्रेचर अलीकडे आणले. मधोमध येताच फळी खाली लवली, मागचा मजूर क्षणभर एका पायावर थांबला आणि आजींनी स्ट्रेचरची कड घट्ट धरली. त्या सुखरूप घरी परतल्या, तरी ते दृश्य मी विसरलेलो नाही.

वाहनचालक आत वळायचे की नाही हे गल्लीच्या तोंडाशी ठरवतो. ‘पुढे रस्ता बंद, फक्त रहिवाशांसाठी प्रवेश’ असा फलक आणि शिट्टी व लाल-हिरवे झेंडे घेतलेला एक माणूस तिथे असता, तर टेम्पो आणि बस आत आलीच नसती. रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या एसपी 55 या मार्गदर्शिकेत कामाच्या जागेचे आगाऊ सूचना, वाहने वळवणे, प्रत्यक्ष काम आणि समाप्ती असे चार टप्पे केलेले आहेत. वेगवान रस्त्यांसाठी त्यांची अंतरे बरीच मोठी असतात. गल्लीत ती आखडतात, पण पहिला टप्पाच गाळण्याची मुभा त्यामुळे मिळत नाही. गल्ली दोन्हीकडून उघडी असेल, तर दोन्ही तोंडांशी फलक आणि माणूस हवा.

आम्ही घाईने काम का उरकले, हेही सांगतो. वॉर्डाचे पत्र खोदण्यापुरते असते. वाहनांना रस्ता बंद करणे हा वाहतूक पोलिसांच्या अखत्यारीतील विषय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 प्रमाणे एक महिन्यापेक्षा जास्त नसलेल्या निर्बंधासाठी राजपत्रातील अधिसूचना लागत नाही, मात्र स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. आम्हाला एका कार्यालयाने ‘आधी त्यांचे पत्र आणा’ असे सांगितले, दुसऱ्याने ‘आधी यांच्याकडून तारीख आणा’, आणि पहिल्या कार्यालयाच्या खिडकीवर आमचा अर्ज ठेवूनही घेतला गेला नाही. या फेऱ्यांत परवानगीची मुदत संपत आली, पावसाळा तोंडावर आला आणि आम्ही वाहतूक पोलिसांचे पत्र न घेताच खोदायला सुरुवात केली. ती चूक माझी होती. पण नागरिकाचा साधा अर्ज न स्वीकारणाऱ्या कार्यालयाबद्दलचा राग आजही शमलेला नाही. आपण अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडावा, ज्यात गल्लीची रुंदी, चराची जागा, फलकांच्या जागा, पर्यायी मार्ग आणि कामाचे तास एका नजरेत दिसतील.

माझे स्पष्ट मत असे, की शक्य असेल तर गल्ली पूर्ण बंद करूच नये. अर्ध्या रुंदीत चर खोदून, नळ टाकून, त्यावर जाड लोखंडी प्लेट बसवावी आणि मगच उरलेला अर्धा भाग घ्यावा. कंत्राटदार एक दिवस वाढेल म्हणून कुरकुर करेल. तो दिवस द्यावा. प्लेट चराच्या दोन्ही काठांवर पुरेशी टेकलेली आणि न सरकणारी असावी, आणि तिच्या कडांना डांबराचा उतार करून घ्यावा, नाहीतर दुचाकीचे चाक तिथेच अडकते. उघड्या चराच्या वेळीही प्लेट बाजूलाच ठेवाव्यात, म्हणजे बंब आला तर त्या लगेच टाकता येतील. जवळच्या अग्निशमन केंद्राला आदल्या दिवशी कळवावे. कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या काचांवरही आदल्या संध्याकाळीच चिठ्ठ्या लावाव्यात. सकाळी मालक शोधत बसणे फार महागात पडते.

पट्टीला मी अडथळा मानत नाही. अंध व्यक्तीची काठी तिच्याखालून सरळ चरात जाते, म्हणून बॅरिकेडला जमिनीलगत आडवी फळी हवीच. पादचाऱ्यांसाठी मोकळी वाट ठेवावी. खोदलेली माती त्या वाटेवर किंवा चराच्या अगदी काठाशी टाकू देऊ नये, कारण तिच्या भाराने काठ ढासळतो. परावर्तक पट्ट्या हेडलाइट पडला तरच चमकतात; रात्री चालत येणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून लुकलुकणारे दिवे लावावेत आणि ते विझले नाहीत ना, हे पाहण्याचे काम इमारतीच्या पहारेकऱ्याला नाव घेऊन सांगावे.

चर बुजवल्यावर माती काही दिवस खाली बसते. पक्का डांबरी थर पडेपर्यंत गल्लीच्या तोंडावरचा फलक आणि चराजवळचा एक दिवा काढू देऊ नये. काम संपले म्हणून सर्व सामान त्याच संध्याकाळी टेम्पोत भरण्याची कंत्राटदारांना घाई असते.