वाचकांचे प्रश्न : रोबोकडून डीएनए कमी का मिळतो?

प्रश्न : पीसीआरनंतरचा (म्हणजे प्रती वाढवून घेतलेला) डीएनए आम्ही चुंबकीय बीड्सने, म्हणजे डीएनए चिकटतो अशा सूक्ष्म मण्यांनी, शुद्ध करतो. २५ मायक्रोलिटर नमुन्यात २० मायक्रोलिटर बीड्स घालतो. हाताने केलं की डीएनए भरपूर मिळतो. तेच काम द्रव ओढून सोडणाऱ्या आठ टिपांच्या रोबोला दिलं, तर ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटवर पहिल्या स्तंभापासून बाराव्यापर्यंत डीएनए घटत जातो. चूक कुठे आहे?

उत्तर : घट क्रमाने होते आहे, यातच बरंचसं उत्तर आहे. बीड्स घालून झाल्या की प्लेट पांढऱ्या कागदावर धरा. पहिला स्तंभ गडद तपकिरी आणि बारावा फिकट दिसला, तर बीड्स साठ्यात खाली बसताहेत. टिप तळाजवळून ओढते, म्हणून आधीच्या वेलना दाट गाळ मिळतो आणि नंतरच्यांना पातळ द्रव. हाताने काम करणारा नकळत बाटली हलवत असतो. प्रोटोकॉलमध्ये ते लिहिलेलं नसतं, त्यामुळे रोबो ते करत नाही.

रुंद द्रोणीऐवजी खोल वेलच्या प्लेटचा एक स्तंभ घ्या आणि प्रत्येक वेलमध्ये २७० मायक्रोलिटर भरा : १२ वेळा २० म्हणजे २४०, वर ३० राखीव. दर वेळी ओढण्याआधी पाच वेळा ढवळायला लावा. आठव्या स्तंभापर्यंत १०० मायक्रोलिटरने ढवळलं तर चालेल. बाराव्याच्या वेळी मात्र ५०च उरलेले असतात; तेव्हा १०० ओढले की हवा शिरते आणि फेस होतो. शेवटच्या चार स्तंभांना ३० पुरेत.

रंग सगळीकडे सारखा आणि तरी डीएनए कमी, असं असेल तर द्रवाच्या दाटपणावर संशय घ्या. बीड्सच्या द्रवातल्या पॉलिइथिलीन ग्लायकॉल या दाट पदार्थामुळे हा द्रव टिपेत सावकाश चढतो. पाण्यासाठीचाच वेग ठेवला तर २० ऐवजी १७ सुद्धा पडू शकतात. मग बीड्स आणि नमुन्याचं गुणोत्तर ०.८ वरून ०.६८ वर येतं आणि डीएनएचे छोटे तुकडे बीड्सना न चिकटता टाकून दिलेल्या द्रवाबरोबर निघून जातात. रिकाम्या नळीचं वजन करून त्यात रोबोला बीड्स सोडू द्या, तेवढ्याच हाताने सोडा आणि वजनं ताडून पाहा. फरक आला तर ओढण्याचा वेग कमी करा, ओढल्यावर टिप दोन सेकंद द्रवातच थांबवा, मग हळू वर काढा.

बीड्स धुण्याच्या ८० टक्के इथेनॉलचं नेमकं उलटं. ते टिपेतून ठिबकतं, कारण बाष्प टिपेतल्या हवेवर दाब आणतं. टिप आधी तीन वेळा भिजवा आणि ओढल्यावर खाली थोडी हवा घ्या. बीड्स वाळवताना त्यांची चकाकी जाताच थांबा; भेगा पडल्या की डीएनए नीट सुटत नाही.

प्रश्न : शेजारच्या वेलमध्ये नमुना उडतो का, हे कसं तपासायचं?

उत्तर : बुद्धिबळाच्या पटासारखी प्लेट भरा, एका वेलमध्ये डीएनए आणि शेजारच्यात नुसतं पाणी. पूर्ण प्रक्रिया चालवून पाण्याच्या वेलचा क्यूपीसीआर (डीएनएचं प्रमाण मोजणारा पीसीआर) करा. ठरावीक वेलमध्येच संकेत आला, तर टिप कोणत्या वाटेने सरकते ते आधी बघा. भरलेली टिप उघड्या वेलवरून नेऊ नका.