ज्याचं संकलन, त्याचाच कागद

प्रिय मुली,

तुझ्या तहसील कार्यालयात शेजारच्या टेबलचं काम हळूहळू तुझ्याकडे सरकलं आणि आता वर्कशीटच्या, म्हणजे प्रत्येकाच्या कागदांच्या नोंदवहीच्या, गोषवाऱ्यात प्रलंबित आकडा तुझ्या नावापुढे फुगलाय. 'मदत म्हणून चार कागद केले' हे तुझ्या पत्रातलं वाक्य वाचून जीव कळवळला आणि रागही आला. कोणत्या आदेशाने केलेस ते कागद?

ज्याचं संकलन, त्याचाच कागद. संकलन म्हणजे ज्याला नेमून दिलेले विषय, त्याचं टेबल. कागद दुसऱ्याकडे जायचा असेल तर लेखी आदेशाने जाईल, एरवी नाही.

टिपणीखाली तुझी लघुस्वाक्षरी पडली की प्रकरण तुझं झालं. महाराष्ट्राच्या २००५ सालच्या 'बदल्या आणि विलंब प्रतिबंध' अधिनियमाचं कलम १० काढून वाच. एका कर्मचाऱ्याकडे नस्ती, म्हणजे फाईल, सर्वसाधारणपणे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, तातडीची ४ दिवसांत निघावी, अतितातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. हेतुपुरस्सर विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई. शेजाऱ्याने महिनाभर दाबून ठेवलेली नस्ती तू उपकार म्हणून उचलतेस, आणि साहेब विचारतात तुला, कारण ती तुझ्या टेबलवर असते.

तेव्हा चुकीचं टपाल आलं की त्याच दिवशी त्यावर 'विषय अमुक संकलनाशी संबंधित, वर्ग' असं लिही, अव्वल कारकुनांमार्फत परत पाठव आणि घेणाऱ्याची तारखेसह सही घे. सही राहिली तर महिन्याने कागद तुझ्याकडेच होता असं ठरतं. ई-ऑफिस, म्हणजे संगणकावरच्या नस्त्या असतील, तर शेजाऱ्याच्या लॉगिनने एक ओळही टाईप करू नकोस. 'पासवर्ड देतो, तेवढं करून टाक' हे तर अजिबात ऐकायचं नाही.

त्याच्या कामावाचून तुझं अडलं असेल तर आधी तोंडी सांग, पण तारीख ठरवून सांग. ती टळली की तीन ओळींची टिपणी लिही: आवक क्रमांक व दिनांक, त्याच्याकडून काय हवं, कधीपर्यंत हवं. 'टाळाटाळ', 'कामचुकार' असले शब्द त्यात आले की चौकशी तुझ्या भाषेची सुरू होते आणि कागद बाजूला पडतो. माहिती अधिकाराचा अर्ज असेल आणि दस्त त्याच्या कपाटात असतील, तर जन माहिती अधिकाऱ्यांच्या सहीने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ५(४)खाली लेखी मागणी जाऊ दे. मग कलम ५(५)प्रमाणे कसूर झाल्यास उत्तर त्यालाही द्यावं लागतं, आणि दंड रोज २५० रुपये, कमाल २५,००० आहे.

तो आजारी असेल, किंवा रिक्त पदांमुळे दोन संकलनं एकट्याने ओढत असेल, तर आधी ते बघ. तसं असेल तर मदत जरूर कर, मनापासून कर, फक्त कार्यालयीन आदेश काढून घे: कोणते विषय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. सोबत प्रलंबित प्रकरणांची यादी, प्रत्येक नस्तीची पानं मोजून. यादीशिवाय कार्यभार घेतलास तर हरवलेलं पानही तुझंच.

आणि खिडकीशी उभ्या माणसाला यातलं काही ऐकवायचं नाही. 'ते माझं टेबल नाही' हे वाक्य त्याच्यासाठी नाही. अर्ज घे, पोच दे, कोणाकडे गेला ते सांग. भांडण टेबलांमधलं आहे, त्याची वाट अडवायचा हक्क आपल्याला नाही.

लोक तुला आडमुठी म्हणतील. हेच सांगणाऱ्या मलाही म्हणतात, म्हणोत. सगळ्यांचं सगळं करणाऱ्या कारकुनामुळे कार्यालय चालतं असं दिसतं, पण त्यामुळेच कोणतं संकलन कोलमडलंय हे तहसीलदारांपर्यंत पोचत नाही आणि तिथे माणूस मिळत नाही. ज्याचं संकलन, त्याचाच कागद, हा माझा हट्ट एवढ्यासाठी.

आता ते चार कागद. फेकून परत देऊ नकोस, तुझी सही त्यांच्यावर आहे. सध्याच्या टप्प्यापर्यंत पुरे कर, चारही कागदांची एकच यादी कर आणि पुढील कार्यवाहीसाठी मूळ संकलनाकडे वर्ग करण्याची टिपणी नायब तहसीलदारांना सादर कर. मंजुरी आली की तिची छायाप्रत आपल्या फाईलला लाव.