सात महिन्यांच्या कुत्र्याचे डोळ्यांभोवतीचे आणि पुढच्या पायांवरचे केस गळतायत, खाज फारशी नाही. कोणता शॅम्पू वापरू?

शॅम्पूने हे थांबणार नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कुणालाही, अगदी डॉक्टरलाही, औषध सुरू करू देऊ नका. "खाज फारशी नाही" हे तुमचे शब्द वाचले आणि लिहायला बसले. आमच्या चंद्रीचं हेच झालं होतं, आणि त्यावरून घरात जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

चंद्री गावठी. आमचं गाव अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं, सगळी कपाशी. शेतातल्या झोपडीमागे व्यायलेल्या कुत्रीचं हे एकटं वाचलेलं पिल्लू. दिवाळीनंतर तिच्या डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखं टक्कल पडलं, मग ओठांच्या कडेला, मग पुढच्या पंजांवर. गावाने निकाल देऊन टाकला, लूत भरली. आमचे चुलत सासरे, आप्पा, ट्रॅक्टरमधून काढलेलं ऑइल डब्यात घेऊन दारात हजर. "जयेल ऑइल लाई दे माय, गंधक टाकी दे त्याम्हा. बरी व्हई जाई, नही ते रानमा सोडी दे." मी डबा त्यांच्या हातातून घेतला आणि शेडमध्ये परत नेऊन ठेवला. सुनेने असं करावं याचा त्यांना आलेला राग मला समजतो, पण कुत्रं दिवसभर स्वतःचं अंग चाटतं. इंजिनात जळलेलं, धातूचा कीस उतरलेलं तेल त्याच्या पोटात जातं आणि उघड्या कातडीतूनही शरीरात मुरतं. कपाशीवर फवारायचं औषध गोचिडांसाठी कुत्र्याला चोळणारेही आमच्याकडे आहेत. ते तर सरळ मारणंच आहे.

तालुक्याच्या गावातल्या एका खासगी डॉक्टरने तिला टेबलावर घेतलंसुद्धा नाही. मालकाच्या हातात धरलेल्या कुत्रीला लांबूनच इंजेक्शन टोचलं. कसलं म्हणून विचारलं तर म्हणे खाजेचं. खाज नाहीये हे मी तोंडाने सांगत होते. ते स्टेरॉइड होतं. थोड्याच दिवसांत चंद्रीचं तोंड सुजलं, पंजांतून पू यायला लागला आणि अंगाला असा वास की घरातली पोरंही जवळ जाईनात.

धुळ्याला नेलं तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी तिच्या कातडीकडे नीट बघितलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी ब्लेडला तेलाचा थेंब लावला, कातडी चिमटीत दाबली आणि रक्ताचा ओलावा दिसेपर्यंत खरवडली. तेवढं खोल जावंच लागतं, कारण हा किडा केसाच्या मुळाशी राहतो. मग मलाही बघू दिलं. लांबुळके, मागे निमुळते होत गेलेले जीव, पुढच्या बाजूला आखूड पायांच्या जोड्या. डेमोडेक्स. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत दूध पिताना ते आईकडून पिल्लाच्या अंगावर येतात आणि बहुतेक सगळ्या कुत्र्यांच्या अंगावर थोडे असतातच. साधारण दीड वर्षाच्या आतल्या पिल्लाची प्रतिकारशक्ती कमी पडली की ते बेसुमार वाढतात. जंत, कुपोषण, नुसती भाकरी आणि पातळ दूध, यानेही तसं होतं. त्यात प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड टोचलं तर काय होणार? म्हणून न बघता "खाजेचं इंजेक्शन" देणाऱ्याला मी माफ करत नाही.

आप्पा आजही सांगतात की त्यांच्या जुन्या कुत्र्याची लूत ऑइलनेच गेली. हे डेमोडेक्स चार-दोन ठिकाणीच असेल तर पिल्लू मोठं होता होता बहुतेक वेळा आपोआप जातं, आणि श्रेय ऑइलला मिळतं. गंधकाने खरजेचे किडे मरतात हे मला मान्य आहे, पण त्यासाठी गंधकाचं वेगळं औषध मिळतं. जळकं ऑइल कशाला हवं? हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ते म्हणतात अंगात उष्णता होती, थंडीत उतरली. उष्णतेने डोळ्यांभोवती किडे होत नाहीत, आप्पा.

तुमच्या कुत्र्याला डेमोडेक्सच असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. कानांच्या कडा आणि कोपरं रात्रंदिवस खाजवत असेल तर खरूज समजा. ती माणसालाही लागते, हातावर, पोटावर पुरळ येतं. शेपटीच्या मुळाशी केस गेले असतील तर पिसवा बघा. गोल चट्टे असतील आणि घरात कुणाला गजकर्ण झालं असेल तर बुरशी. डेमोडेक्स माणसाला लागत नाही, पोरांना दूर ठेवायची गरज नाही.

चंद्रीला महिन्यातून एकदा द्यायची चघळायची गोळी, पुवासाठी अँटिबायोटिक आणि बेंझॉइल पेरॉक्साइडचा शॅम्पू दिला. हा शॅम्पू केसांची मुळं साफ करतो, किडे मारत नाही, एवढंच त्याचं काम. माणसांचा शॅम्पू, डेटॉल काही लावू नका. केस आले म्हणून गोळी थांबवायची नाही. महिन्याच्या अंतराने दोन वेळा खरवडून एकही किडा सापडला नाही, तेव्हाच थांबवायची.

आता राहिलेलं. खरजेचा किडा खरवडण्यात पुष्कळदा सापडत नाही, तेव्हा डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात आणि ते बरोबर असतं. मी वर जरा सरसकट लिहिलं. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळीआधी ते सांगा. ही गोळी ज्या आयसॉक्झाझोलिन गटातली असते, त्या औषधांनी फिट येऊ शकते असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये दिलाय. आणि गोठ्यातल्या आयव्हरमेक्टिनच्या (गुरांच्या जंत-गोचिडांच्या औषधाच्या) बाटलीला हात लावू नका. १ टक्क्याच्या त्या औषधाचा १ मिली ५० किलोच्या गुराचा डोस असतो, कुत्र्यासाठी तो अंदाजाने मोजायचा नाही. कोली या कुत्र्यांच्या जातीसारख्या काही जातींना आणि त्यांच्या संकरांना ते थेट मेंदूत चढतं.

मादी असेल तर नसबंदी करून घ्या. अंगभर पसरणाऱ्या डेमोडेक्सचा कल आईबापाकडून येतो आणि माजावर आल्यावर आजार पुन्हा उलटू शकतो. आप्पांना शेताच्या राखणीला चंद्रीची पिल्लं हवी होती. मी नसबंदी करूनच तिला घरी आणली. राखणीला कुत्रं हवं असेल तर गावात आईवाचून फिरणारी पिल्लं कमी नाहीत.