ॲनिमेशनसाठी पहिला ड्रॉइंग टॅब्लेट घेताना

स्क्रीनवाल्या टॅब्लेटचा मोह आत्ता टाळ. साधा, बिनस्क्रीनचा (कॉम्प्युटरला जोडून त्याच्या स्क्रीनकडे बघत काढायचा), मध्यम आकाराचा घे, साधारण १० बाय ६ इंचांचा. फार लहान घेतलास तर हात मनगटातूनच हलतो, आणि लांब, वाहती रेघ तर खांद्यातून येते.

प्रेशर लेव्हल (पेनचा दाब टॅब्लेट किती पायऱ्यांत ओळखतो ते) ८१९२ की १६३८४, यावर डोकं शिणवू नकोस. हाताला फरक कळत नाही. बघायचं ते एवढंच:

- पेन बिनबॅटरीचं.
- बटणं हवीतच: अनडू, मागची फ्रेम, पुढची फ्रेम. एका सेकंदासाठी १२ चित्रं काढताना हीच सतत दाबशील.

सेटिंगमध्ये टॅब्लेटचं लांबी-रुंदीचं प्रमाण स्क्रीनशी जुळव, नाहीतर वर्तुळ लांबट होतं. हात खाली, नजर वर याची सवय व्हायला वेळ लागतो. दोन दिवसांत वैतागून सोडू नकोस. क्रिटा हे चित्रं आणि ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात आधी उसळणारा चेंडू काढ.