प्रवासासाठी मिररलेस कॅमेरा घेतोय. सोबत 18-135 मिमीची एकच झूम लेन्स घेऊ की कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स आणि लांबचं टिपणारी एक टेली?

केरळला जाताय आणि लेन्सचं ठरत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत: दोन्ही नको. एक छोटी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स घ्या आणि चार पावलं पुढे जायची सवय लावा.

आमच्या घरात हा वाद जुना आहे. भाऊजींचं म्हणणं, टेली नसेल तर कॅमेरा घरीच ठेवावा. कोविडच्या आधी एकदा आम्ही दोघं दिवेघाटात गेलो होतो. पुण्यातला मुक्काम आटोपून माउलींची पालखी सासवडला निघते, तो दिवस. भाऊजींकडे 70-200 मिमी एफ/2.8 टेली (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका लेन्स जास्त प्रकाश घेते), नुसती लेन्सच दीड किलोची. माझ्याकडे फुजीचा एक्स-ई3 आणि 23 मिमी एफ/2, दोन्ही मिळून अर्धा किलो. ते कठड्यावर जागा धरून बसले, मी दिंडीबरोबर चालत राहिलो.

अर्ध्या घाटात भुरभुर सुरू झाली. शेजारून एक आजी चालल्या होत्या, डोक्यावर पितळी तुळशीवृंदावन, एक हात वर धरलेला. बांगड्या घसरून कोपराशी आलेल्या आणि वृंदावनाच्या काठावरचं पाणी मनगटावरून खाली ओघळत होतं. मी कॅमेरा उचलला तर म्हणाल्या, "काढ की माउली, पण चालता चालता. मला थांबता यायचं नाही." हातभर अंतरावरून तीन फोटो काढले. त्यातला दुसरा आईने फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय.

भाऊजी तो बघून म्हणाले, "मोबाइलवरही आला असता." मला ते आजही लागतं. ओल्या बोटांना मोबाइल दाद देत नव्हता. आणि दीड किलोचं नळकांडं तोंडासमोर धरलं असतं तर आजी इतक्या मोकळेपणी बोलल्या असत्या, असं मला वाटत नाही.

बॉडीचं म्हणाल तर सोनी ए6400, निकॉन झेड50, फुजीची एक्स-ई, जी हातात बसेल ती. वापरलेली घेतली तरी चालेल, पैसे लेन्सवर घाला. निकॉनला 24 मिमी एफ/1.7 आहे, सोनीला सिग्माची 23 मिमी एफ/1.4. जाण्याआधी पाताळेश्वराच्या लेण्यात किट लेन्स नेऊन बघा. 23च्या आसपास ती एफ/4पाशी अडकते, एफ/2 त्याच्या चौपट प्रकाश घेते. कथकलीच्या दिव्यासमोर बसाल तेव्हा हा फरक कळेल.

हो, पावसाचं राहिलं. माझ्या लेन्सवर डब्ल्यूआर, म्हणजे पावसाचे शिंतोडे सोसणारी, असं लिहिलंय, पण एक्स-ई3ची बॉडी पाणी सोसणारी नाही. त्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून तीत कॅमेरा घातला होता. जून ते सप्टेंबरात जाणार असाल तर सीलबंद बॉडीच बघा.

आणि थेक्कडीला हत्ती बघायचे असतील तर तिथे 23 मिमी कामाची नाही, भाऊजींचं तेवढं खरं. तेवढ्यापुरती टेली भाड्याने घ्या, पुण्यात मिळते. विकत नको.