बाळ सुखरूप आहे, मग मला रडू का येतं?

टाके दाखवायला जाते असं घरी सांगून ती माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. बाळंतपणाचा 24वा दिवस. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, हा तिच्या आईचा नियम. नेरूळच्या ऐन मे महिन्यात कानांना स्कार्फ गच्च बांधलेला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

प्रश्न तिनं कागदावर लिहूनच आणला होता. आईचं ऐकू की अम्मांचं? माहेर ठाण्याचं, सासर मल्याळी. आईचा भर शेक-धुरी आणि हळिवाच्या लाडवांवर. अम्मांना रोज अंगभर तेल आणि औषधी पाल्याच्या कढत पाण्यानं आंघोळ हवी. 12व्या दिवशी बारसं झालं, आत्यानं कानात कुर्र केलं. आता अम्मा 28व्या दिवसाच्या नूलुकेट्टूची तयारी करत होत्या. त्यात बाळाच्या कमरेला काळा दोरा बांधतात आणि नाव कानात सांगतात ते वडील. "मग बारसं काय खोटं होतं?" म्हणून आई फुरंगटलेली.

मी म्हटलं, "चीनमध्ये बाळंतीण महिनाभर घरातच असते, आणि जुन्या रिवाजानं केससुद्धा धुवायचे नाहीत. अम्मांना सांगून बघ." ती पहिल्यांदाच हसली. मेक्सिकोत 40 दिवस पाळतात, कोरियात समुद्री शेवाळाचं सूप पाजतात. खरं सांगायचं तर या भांडणात मी फारशी पडत नाही. पोटभर जेवण, पाणी आणि झोप मिळतेय ना, एवढं बघते. गंमत म्हणजे दोन्ही घरांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं, बाळाला मध चाटवायचा, आणि नेमकं तेच चुकीचं! वर्षाच्या आत मध नको, बोट्युलिझमचा, म्हणजे एका गंभीर विषबाधेचा धोका असतो.

कागद घडी करता करता तिचे डोळे भरून आले. "मॅडम, बाळ सुखरूप आहे. सगळे इतकं करतात. मग मला रडू का येतं? मी वाईट आई आहे का?"

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. हिचं ओसरलं नव्हतं. अशा वेळी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला आम्ही 1987 पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली भरून घेतो. त्यात एकूण 10 प्रश्न, आणि शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. त्याला ती "नाही" म्हणाली, पण एकूण गुण बघून मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी त्याच दिवशी दिली.

मग विचारलं, "त्या रात्री काय झालं?"

हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. 19 तास कळा, मग बाळाचे ठोके घसरले म्हणून घाईघाईनं सिझेरियन. आत नेताना चष्मा काढून घेतला. नंबर उणे सहा. पडद्याच्या वरून सिस्टरनं बाळ दाखवलं, "मुलगी झाली हं" म्हणाली आणि घेऊन गेली. "मला नुसतं गुलाबी काहीतरी दिसलं. बाकी सगळ्यांनी तिला माझ्याआधी नीट बघितलं."

घरी सांगायला गेली की उत्तर ठरलेलं: बाळ सुखरूप आहे ना, मग झालं तर! चांगल्या मनानंच म्हणतात. मीही माझ्या बहिणीला हेच म्हटलं होतं, या व्यवसायात यायच्या आधी. त्यानंतर तिनं तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही.

दोन दिवसांनी तिचा नवरा आला. सगळं ऐकून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चष्मा माझ्याच खिशात होता. रात्रभर. द्यायचं सुचलंच नाही."

28व्या दिवशी नाव त्यानं सांगितलं, मध टाळला, असं तिनं फोनवर कळवलं. औषध सुरू आहे. रडू अजून येतं, पण रोज नाही. पुढच्या वेळी आईला घेऊन ये म्हटलंय. तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळी आईचं काय झालं होतं, हे तिलाही ठाऊक नाही.