लेकीला सांगायचं कसं?

"मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला. पाळी आली नाही म्हणून तपासण्या केल्या. सोनोग्राफीत गर्भाशय नाही, क्रोमोसोम एक्सवाय, म्हणजे मुलग्यांचे असतात तसे, निघाले. डॉक्टरांनी कम्प्लीट अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सांगितलं. म्हणाले, मुलीला कळू देऊ नका, आतल्या ग्रंथी काढून टाकू. माझ्या मावशीलाही कधी पाळी आली नव्हती. नवऱ्याने माहेरी आणून सोडलं. पोटुशी असताना मी विड्या वळायचे, ग्रहणही पाळलं नाही. गड्ड्याच्या यात्रेत जाऊबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं. काय करू?" – एक आई, सोलापूर

ताई, ग्रहणाचा आणि विड्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. हा जनुकातला बदल आहे. आईकडून येऊ शकतो, कधी नव्यानेही होतो. त्यात कुणाचा दोष नसतो.

अशा बाळाच्या पोटात वृषणग्रंथी असतात, त्या टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवतात, पण शरीराच्या पेशी त्याला दादच देत नाहीत. म्हणून बाळ मुलीच्या रूपात जन्मतं आणि वाढतं. वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, होतं, छाती भरते. गर्भाशय नसल्यामुळे पाळी मात्र येत नाही. इंटरसेक्स, म्हणजे जन्मतःच स्त्री किंवा पुरुष अशा ठरावीक साच्यात न बसणाऱ्या शरीरांच्या अनेक प्रकारांपैकी हा एक. ती स्वतःला मुलगी मानते ना? मग ती मुलगीच आहे.

ऑपरेशनची घाई नको. या ग्रंथींत कर्करोगाचा धोका वयानुसार वाढतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. पण वयात येईपर्यंत तो फार कमी असतो. ग्रंथी काढल्या की हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षं इस्ट्रोजेन घ्यावं लागतं. एवढा मोठा निर्णय तिला अंधारात ठेवून घेऊ नका. तमिळनाडूने २०१९ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, जिवाला धोका नसेल तर इंटरसेक्स बाळांवर अशा शस्त्रक्रिया करायला बंदी घातली. महाराष्ट्रात तशी बंदी नसली, तरी तुमची मुलगी आता कळती आहे. पुण्याला जावं लागलं तरी चालेल, एंडोक्रायनॉलॉजिस्टचं, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांचं, मत घ्याच.

आणि तिला सांगा. तुम्हीच सांगा. बारावीची मुलगी क्रोमोसोम शिकते. ती फाईल आज ना उद्या तिच्या हाती लागणारच, आणि मग आईने लपवलं हेच तिला जास्त लागेल. सगळं एका बैठकीत नको. आधी पाळी का येत नाही ते, आणि मूल पोटी होणार नाही हेही. रडली तर रडू द्या, लगेच समजूत घालायला जाऊ नका. क्रोमोसोमचं डॉक्टरांसमोर बोला, म्हणजे तिला हवे ते प्रश्न विचारता येतील. तुमच्या मावशीबद्दलही सांगा. त्यांचंही बहुधा हेच असावं, आणि आपल्यासारखं जगात दुसरं कुणी नाही असं त्यांना जन्मभर वाटत राहिलं असेल. तुमच्या लेकीला तसं वाटायला नको.

तुम्हाला सख्ख्या बहिणी असतील तर त्यांच्या मुलांसाठीही ही माहिती कामाची आहे, पण त्यांना सांगण्याआधी लेकीला विचारा. लग्नाचा विषय आत्ता काढूच नका. पुढे स्थळ आलंच, तर तिच्या मर्जीने आणि सगळं सांगूनच.

जाऊबाईंना म्हणा, "तपासण्या झाल्या, ती ठणठणीत आहे." त्यापुढचं सांगायचं की नाही, ते ती ठरवेल.